योग झाला, क्षेमाचे काय?

शाळेतील संगणक कक्षाचे उद्घाटन हा आपल्याकडे एक ठरून गेलेला सोहळा असतो. दारावर झेंडूचे तोरण, टेबलांवर नवी आच्छादने, देणगीदारांच्या हस्ते श्रीफळ, अध्यक्षांच्या भाषणात 'संगणक ही काळाची गरज आहे' हे हमखास येणारे वाक्य, विद्यार्थिनींचे स्वागतगीत आणि शेवटी चहापान. छायाचित्र वार्षिक अहवालात छापले जाते आणि संस्थेच्या शिरावरचे एक मोठे कार्य सिद्धीस गेल्याचे समाधान सर्वांना मिळते. दोन-तीन वर्षांनी त्याच कक्षात डोकावले, तर चित्र पुष्कळदा निराळे असते. तीस संगणकांपैकी आठ-दहांवरचे आच्छादन आता काढलेच जात नाही. उरलेल्यांच्या पडद्यावर कोपऱ्यात 'अपडेट उपलब्ध आहेत' ही सूचना महिनोन्महिने लुकलुकत असते आणि तासाला आलेला प्रत्येक विद्यार्थी 'नंतर' या शब्दावर टिचकी मारून ती बाजूला सारत असतो. त्या 'नंतर'चा दिवस मात्र उगवत नाही.

'योगक्षेम' हा शब्द आपल्या परंपरेने फार विचारपूर्वक घडवला आहे. जे नाही ते मिळवणे म्हणजे योग आणि जे मिळाले ते सांभाळणे म्हणजे क्षेम. एकाच शब्दात ही दोन्ही कर्तव्ये शेजारी शेजारी बसवली गेली, कारण एकावाचून दुसऱ्याला अर्थ नाही. आपल्या सार्वजनिक जीवनात मात्र योगाचे समारंभ होतात आणि क्षेमाला वाली राहत नाही. विहीर खणताना पूजा होते, गाळ काढायला माणसे मिळत नाहीत. ग्रंथालय थाटात उघडते, पुस्तकांची बांधणी उसवली की ती गोणीत जातात. संगणक कक्ष हे याच रोगाचे नवे रूप. फरक इतकाच, की येथील गाळ डोळ्यांना दिसत नाही.

हा विषय आत्ताच ऐरणीवर घेण्याचे एक तातडीचे कारण आहे. विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. तिची उत्तराधिकारी असलेली विंडोज ११ चालवण्यासाठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर असावा लागतो. शाळांना देणगीरूपाने मिळालेले, कंपन्यांनी वापरून दिलेले कित्येक संगणक या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट, पण प्रणालीचा आधार गेलेला, अशा स्थितीत ते भंगारात काढायचे की त्यांवर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवून आणखी काही वर्षे चालवायचे, हा प्रश्न संस्थाचालकांपुढे उभा राहिला आणि अनेकांनी दुसरा मार्ग धरला. तो योग्यही आहे. डेबियन, उबंटू यांसारख्या प्रणाली जुन्या यंत्रांवर समाधानकारक चालतात, त्यांना परवानाशुल्क नाही आणि मराठी टंकलेखनापासून कार्यालयीन कामापर्यंतची सोय त्यांत आहे.

पण येथेच एक गैरसमज घर करतो. 'लिनक्स बसवले, आता व्हायरसची चिंता नाही, अपडेटची कटकट नाही' असे सर्रास सांगितले जाते. हे खरे नाही. लिनक्स ही माणसांनीच लिहिलेली आज्ञावली आहे आणि माणसाच्या हातून चुका होतात. ७ एप्रिल २०१४ रोजी 'हार्टब्लीड' नावाने गाजलेला दोष उघड झाला, तो ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलीतच होता आणि जगभरच्या असंख्य सर्व्हरांचे कुलूप त्याने ढिले केले होते. दुरुस्तीही त्याच दिवशी उपलब्ध झाली. पण ज्यांनी ती बसवली नाही, त्यांना तिचा काय उपयोग? दुसऱ्या बाजूचे उदाहरण 'वॉनाक्राय'चे. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. हल्ला झाला १२ मे २०१७ रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी 'नंतर' म्हटले, त्यांचे संगणक खंडणीखोरांनी ओलीस धरले. औषध कपाटात होते, रोग्याने ते घेतले नाही, असाच हा प्रकार. तेव्हा प्रणाली कोणतीही असो, तिची दुरुस्ती वेळच्या वेळी होणे हेच तिचे क्षेम.

मग ही दुरुस्ती होत का नाही? शिक्षकांच्या आळसाकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण मूळ अडचण साध्या हिशेबात आहे. समजा, एका कक्षात तीस संगणक आहेत आणि महिन्याकाठी प्रत्येकाला ३०० मेगाबाइट अपडेट लागतात. तिसांचे मिळून ९ गिगाबाइट झाले. शाळेची नेटची जोडणी १० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाची धरली आणि तो वेग पूर्णपणे मिळाला असे मानले, तरी एवढे उतरवायला दोन तास लागतात. त्या दोन तासांत कार्यालयातून शासनाच्या संकेतस्थळावर माहिती भरता येत नाही, ऑनलाइन हजेरी अडते आणि मुख्याध्यापकांचा निरोप येतो, 'ते अपडेट आधी बंद करा!' एकदा बंद झालेले अपडेट पुन्हा सुरू करण्याचे धाडस मग कोणी करत नाही. जेथे नेट म्हणजे शिक्षकांच्या मोबाइलवरचा हॉटस्पॉट, त्या डोंगराळ भागातल्या शाळेत तर हा विचारही कोणाच्या मनाला शिवत नाही.

या हिशेबातली विसंगती थोडे थांबून पाहिली, तर लगेच ध्यानात येते. तीसही संगणकांना लागणारी दुरुस्ती बहुतांशी एकच आहे. तीच धारिका, तेच अक्षर न् अक्षर, दूरच्या सर्व्हरवरून तीस वेळा आणली जात आहे. घरात तीस माणसांचा स्वयंपाक असेल, तर प्रत्येक जण आपापले मूठभर तांदूळ आणायला तीस वेळा बाजारात जात नाही. धान्य एकदा आणून कणगीत भरले जाते आणि मग ज्याला जेव्हा लागेल तेव्हा त्यातून घेतले जाते. संगणकाच्या भाषेत या कणगीला 'कॅश' म्हणतात. हा शब्द रोख रकमेचा नव्हे. पुढे लागेल म्हणून हाताशी राखून ठेवलेला साठा, असा त्याचा अर्थ. कक्षातील एका संगणकावर असा साठा उभा केला, की पहिला संगणक जे मागवतो ते बाहेरून येते आणि जाता जाता त्याची एक प्रत साठ्यात राहते. दुसऱ्यापासून तिसाव्यापर्यंत सर्वांना तेच कक्षातल्या कक्षात मिळते. ९ गिगाबाइटांचे पुन्हा ३०० मेगाबाइट होतात, दोन तासांची चार मिनिटे होतात. पॅकेजांच्या सूचीसाठी थोडी भर पडते, तीही किरकोळ.

डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या उबंटूसारख्या प्रणालींसाठी हे काम करणारे 'ॲप्ट-कॅशर-एनजी' नावाचे साधन त्या प्रणालींच्या भांडारातच उपलब्ध आहे. ते विकत घ्यावे लागत नाही. कक्षातील त्यातल्या त्यात बऱ्या संगणकावर ते बसवायचे. त्या संगणकाचा नेटवर्कमधील पत्ता कायम राहील अशी व्यवस्था करायची, कारण कणगीची जागा रोज बदलून चालत नाही. हे साधन ३१४२ क्रमांकाच्या पोर्टवर मागणीची वाट पाहत बसते. उरलेल्या प्रत्येक संगणकावर ॲप्टच्या मांडणीत एकच ओळ लिहायची असते. तिचा आशय एवढाच, की पॅकेजे थेट बाहेरून न मागवता कक्षातील अमुक पत्त्यावरच्या ३१४२ पोर्टकडे मागावीत. बस्स. पुढे सर्व काही पूर्वीसारखेच चालते. अपडेटची तीच आज्ञा, तोच क्रम. फरक फक्त वेगात जाणवतो. किती मागण्या साठ्यातून भागल्या आणि किती बाहेरून आणाव्या लागल्या, याचा ताळेबंदही ब्राउझरमध्ये पाहता येतो. कालबाह्य झालेली जुनी पॅकेजे काढून टाकण्याचे काम ते ठरावीक काळाने स्वतःच करते. फेडोरा कुळातील प्रणालींसाठी साधने वेगळी आहेत, पण तत्त्व हेच.

येथे जाणकार वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. मधल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? साठा ठेवणाऱ्या संगणकात कोणी खोडसाळपणा करून पॅकेजात विष कालवले, तर ते तीसही संगणकांत पसरणार नाही का? या प्रश्नाचे उत्तर डेबियनच्या रचनेतच आहे. भांडाराच्या मुख्य सूचीवर डेबियनच्या अधिकृत चावीची डिजिटल स्वाक्षरी असते. त्या सूचीत पॅकेजांच्या याद्यांचे ठसे नोंदलेले असतात आणि त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजाचा ठसा. पॅकेज हाती आल्यावर प्रत्येक संगणक ही साखळी स्वतः तपासतो. एका अक्षराचा बदल झाला तरी ठसा जुळत नाही आणि पॅकेज नाकारले जाते. म्हणजे कणगी कोठेही असो, पोत्यावरची मोहर मूळ धन्याचीच असते आणि ती तपासण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे असतो. २००७ साली आलेल्या डेबियन ४.० पासून ही तपासणी प्रणालीचा नित्याचा भाग बनली. विश्वास माणसावर न ठेवता मोहरेवर ठेवण्याची ही रीत आहे, म्हणूनच मधला साठा कोणालाही निर्धास्तपणे उभारता येतो.

अर्थात, ही तटबंदी अभेद्य आहे असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द ॲप्टमध्येच असा दोष सापडला, की वाटेत बसलेल्या हल्लेखोराला या तपासणीला चकवा देता आला असता. तो तत्काळ दुरुस्त झाला. पण ती दुरुस्तीही ज्यांनी अपडेट केले त्यांनाच लाभली. मार्च २०२४ मध्ये त्याहून गंभीर प्रकार उघडकीस आला. 'एक्सझेड' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत, दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका सहभागी विकासकानेच चोरदरवाजा घुसवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन होताना होणारा किंचित विलंब खटकला, त्याने मुळापर्यंत शोध घेतला आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत पोहोचण्याआधीच हे कारस्थान उघडे पडले. घरभेद्यापुढे मोहरही निष्प्रभ ठरते, हा त्यातला धडा. पण त्याबरोबर दुसरा धडाही आहे. एका सजग माणसाने अर्ध्या सेकंदाच्या विलंबाकडे दुर्लक्ष केले नाही, म्हणून अनर्थ टळला. जागल्या जागा असेल, तरच गाव निर्धास्त झोपू शकते.

काही उत्साही मंडळी याही पुढे जाऊन संपूर्ण भांडाराचीच प्रतिकृती आपल्याकडे उतरवून ठेवण्याचा विचार करतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. शाळेतील संगणकावर त्यांतील एखाद-दोन हजार बसलेली असतात. बाजार समितीचे गोदाम आणि घरची कणगी यांत जो फरक, तोच संपूर्ण प्रतिकृती आणि कॅश यांत आहे. विद्यापीठ, मोठे अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा शेकडो संगणक असलेली संस्था यांनी गोदाम अवश्य उभारावे. तीस संगणकांच्या शाळेने ते करू नये. कधीही न लागणारे शेकडो गिगाबाइट उतरवून घेणे म्हणजे ज्या नेटची बचत करायची, तेच उधळणे होय. साधनाची निवड गरजेच्या मापाने व्हावी, प्रौढीच्या मापाने नव्हे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही कार्यकर्त्यांनी आधीच समजून घ्याव्यात, म्हणजे पुढे निराशा पदरी येत नाही. पहिली मर्यादा कूटबद्ध जोडणीची. जे भांडार एचटीटीपीएस पद्धतीनेच माल देते, त्याचा साठा मधल्या संगणकाला सरळ करता येत नाही, कारण बंद लिफाफ्यात काय आहे हे त्याला दिसत नाही. त्यासाठी वेगळी मांडणी करावी लागते. दुसरी मर्यादा उबंटूपुरती. २२.०४ या आवृत्तीपासून त्यात फायरफॉक्स 'स्नॅप' पद्धतीने येतो आणि स्नॅपचा माल ॲप्टच्या वाटेने येतच नाही. कॅश उभारूनही प्रत्येक संगणक ब्राउझर बाहेरूनच उतरवतो आहे असे दिसले, तर त्याचे कारण बहुधा हेच असते. तिसरी मर्यादा लॅपटॉपची. शिक्षक तो घरी घेऊन गेले, की कक्षातील पत्ता तेथे सापडत नाही आणि अपडेट अडून बसते. साठा जवळ असेल तरच तो वापरावा, नसेल तर थेट बाहेर जावे, अशी आपोआप निवड करणारी सोय उपलब्ध आहे. ती लॅपटॉपवर न विसरता बसवावी. चौथी मर्यादा सर्वांत मोठी. साठा ठेवणारा संगणकच बंद पडला किंवा त्याची डिस्क भरली, तर तीसही संगणकांचे अपडेट एकदम थांबते. सोय एका ठिकाणी आली, की जबाबदारीही एका ठिकाणी येते.

जेथे नेटच नाही, तेथे काय? त्यासाठीही मार्ग आहे आणि तो एका भारतीयाने घडवला आहे, ही अभिमानाची गोष्ट. डेबियनचे विकासक ऋतेश राज सर्राफ यांनी लिहिलेले 'ॲप्ट-ऑफलाइन' हे साधन नेट नसलेल्या संगणकाला काय काय हवे, याची यादी तयार करते. ती यादी पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याच्या गावी नेट असलेल्या संगणकावर जावे, माल उतरवून घ्यावा आणि परत येऊन बसवावा. आठवडी बाजाराला जाताना घरची यादी खिशात टाकण्याची आपली जुनी रीतच ही. मोहरेची तपासणी याही मार्गात सुटत नाही. वनवासी भागातील आश्रमशाळांत, वसतिगृहांत जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या झोळीत पुस्तके आणि औषधे यांबरोबर असा एक पेनड्राइव्ह असायला कोणाची हरकत असणार आहे?

जे तत्त्व एका कक्षाला लागू, तेच देशालाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्यानंतर कित्येक वर्षे अशी स्थिती होती, की एका भारतीय सेवादात्याच्या ग्राहकाने दुसऱ्या भारतीय सेवादात्याच्या ग्राहकाला पाठवलेला संदेश परदेशाला वळसा घालून परत यायचा. शेजारच्या घरी निरोप धाडण्यासाठी सातासमुद्रापार जाण्याचा हा उलटा प्रवास थांबावा, देशातील वाहतूक देशातच फिरावी, यासाठी २००३ साली 'निक्सी' ही राष्ट्रीय इंटरनेट विनिमय संस्था स्थापन झाली. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या केबल तुटल्या आणि भारतातील नेटसेवा दिवसचे दिवस रखडली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबलना इजा पोहोचल्यावर पुन्हा तोच अनुभव आला. दूरच्या दोरीवर सगळा भार टाकणाऱ्याला ती तुटण्याचे भय सदैव बाळगावे लागते. घरात साठा असणाऱ्याला नव्या मालाची वाट पाहावी लागेल, पण काल आणलेले तरी त्याच्या हाताशी राहते.

या दिशेने आपल्याकडे काहीच झाले नाही, असे नव्हे. कानपूर आणि मद्रासच्या आयआयटींनी मुक्त आज्ञावलींची भांडारे आपल्या सर्व्हरांवर ठेवून ती इतरांना वर्षानुवर्षे खुली केली. १९८८ साली पुण्यात पाया घातलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली २००७ मध्ये आणली. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. केरळात २००१ साली सुरू झालेला 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प आज 'काइट' या नावाने ओळखला जातो. तेथील शाळांतून मुक्त प्रणाली नुसती बसवली गेली नाही, तर शिक्षकांना तिचे प्रशिक्षण देण्यात आले आणि पाठ्यक्रमाशी तिची सांगड घातली गेली. त्या राज्यातील सत्ताधाऱ्यांशी कोणाचे कितीही वैचारिक मतभेद असोत, या कामातील सातत्याची दाद द्यायला हवी. डेबियनची २०२३ ची जागतिक परिषद कोचीत भरली, ही गोष्टही या संदर्भात बोलकी आहे. स्वावलंबन घोषणेने येत नाही. ते सातत्याने येते, आणि सातत्य म्हणजेच क्षेम.

'आता नेट इतके स्वस्त झाले आहे, मग हा खटाटोप कशाला?' असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच अनाठायी नाही. २०१६ नंतर मोबाइल डेटाचे दर कोसळले आणि शहरांतील अनेक शाळांत आता ऑप्टिकल फायबर पोहोचले आहे. तेथे या व्यवस्थेने पैशांची फार बचत होईल, असे सांगण्यात अर्थ नाही. पण प्रश्न केवळ पैशांचा नाही. संगणकाचा तास चाळीस मिनिटांचा असतो. त्यातली पंचवीस मिनिटे अपडेटची पट्टी सरकताना पाहण्यात गेली, तर हानी कोणाची? शिवाय सारा महाराष्ट्र म्हणजे पुणे-मुंबई नव्हे. आणि आणखी एक बाजू आहे, ती ऋणाची. डेबियनसारख्या प्रकल्पाची भांडारे जगभरातील विद्यापीठे, संस्था आणि कंपन्या आपल्या खर्चाने चालवतात. १९९३ साली इयन मर्डॉक या तरुणाने सुरू केलेला हा प्रकल्प आजही प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या श्रमावर उभा आहे. फुकट मिळते म्हणून तीच वस्तू तीस वेळा उचलणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण नाही. पाणपोईवर तहान भागवावी, तेथे बादल्या भरू नयेत.

तेव्हा प्रश्न तंत्राचा उरत नाही, माणसाचा उरतो. हे सारे उभे करायला एखाद्या जाणत्या तरुणाला एक दुपार पुरते. पण ते चालू ठेवायला दर महिन्याला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास कोणाचा, हे ठरलेले नसते. आपल्या संस्थांनी येथे थोडे कठोर व्हायला हवे. संगणकांची देणगी स्वीकारताना देखभालीचे काय, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारला जावा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदले जावे. प्रत्येक कक्षाला एक जबाबदार व्यक्ती असावी, तिचे नाव भिंतीवर असावे आणि एक साधी वही असावी. साठ्याच्या संगणकाचा पत्ता, डिस्कवर उरलेली जागा, शेवटच्या अपडेटची तारीख, आढळलेली अडचण आणि तिच्यावर केलेला उपाय, एवढ्या नोंदी पुरेत. मांडणी करणारा तरुण उद्या नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तरी वही शाळेतच राहील. आज अनेक ठिकाणी संगणकांचे पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असतात आणि तो माणूस गेला की कक्षाला कुलूप लागते. ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

मध्यमवर्गीय घरांतील ज्या मुला-मुलींनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, त्यांच्यासाठी ही सेवेची एक सहज वाट आहे. सेवा म्हटली की डोळ्यांसमोर पूर, भूकंप, रक्तदान येते आणि ते योग्यच आहे. पण ज्याचे छायाचित्र निघत नाही, ज्याला टाळ्या पडत नाहीत, असे महिन्यातल्या एका शनिवारचे काम हीसुद्धा सेवाच आहे. आपल्या जुन्या शाळेत जावे, साठा नीट चालतो आहे ना हे पाहावे, तीसही संगणक अद्ययावत झाले याची खात्री करावी आणि जाताना नववीच्या दोन विद्यार्थ्यांना ते कसे केले, हे शेजारी बसवून दाखवावे. पुढच्या वर्षी त्यांनी आठवीच्या दोघांना दाखवावे. त्या मुलांच्या हाती केवळ संगणक येणार नाही, संगणक सांभाळण्याची विद्याही येईल. तिला पुढच्या आयुष्यात किती किंमत आहे, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

उद्घाटनाचे श्रीफळ वाढवले गेले, त्या दिवशी योग झाला. त्यानंतरचा प्रत्येक महिना क्षेमाचा आहे. येत्या वार्षिक सभेत संस्थाचालकांनी 'संगणक किती आहेत' हे विचारू नये. 'त्यांतील किती या महिन्यात अद्ययावत झाले' हे विचारावे. उत्तर देणारे नाव सभेत उभे राहिले, तर ती शाळा खऱ्या अर्थाने संगणक युगात आली असे समजावे. नावच पुढे आले नाही, तर पुढच्या देणगीसाठी तोरण बांधण्याआधी ते नाव शोधावे.